गांडूळ, जंत आणि चाळणी

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्तीत वस्त्रे उतरवीत होतो. तेवढ्यात धर्मग्रामातील एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी ही मुलगी लहानपणापासून आमच्या गायकवृंदात गाते. त्यामुळे फारसा संकोच न धरता तिने विचारले, "फादर, चर्चच्या मागच्या वाडीत थोडी गांडुळे खणू का?" मी परवानगी दिली, कुदळही दिली, आणि मग प्रयोजन विचारले. सीताफळाच्या पानांचा अर्क पोटातील कृमींवर चालतो की नाही, हे तिला महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी तपासायचे होते.

आठवड्याभराने तिने आपली वही आणून दाखविली. काम नेटके होते. पाने सावलीत वाळवून भरड कुटली होती, अल्कोहोलमध्ये त्यांचा अर्क काढून तो आटविला होता. मग काचेच्या बशांत निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे केली होती : दर मिलिलिटरला १०, २५ आणि ५० मिलिग्रॅम. एका बशीत नुसते सौम्य मिठाचे पाणी आणि एकीत अल्बेंडाझोल हे नेहमीचे जंतांचे औषध. प्रत्येक बशीत सहा गांडुळे. हातात घड्याळ घेऊन ती बसली होती. बशी जोराने हलविल्याशिवाय गांडूळ हलेनासे झाले, की ती लुळेपणाची वेळ. पन्नास अंश उष्ण पाण्यात बुडवूनही हलले नाही, की ती मृत्यूची वेळ. तिच्या नोंदींप्रमाणे सर्वांत तीव्र अर्काने गांडुळे अल्बेंडाझोलपेक्षाही लवकर मेली होती, आणि म्हणून सीताफळाच्या पानांत 'उल्लेखनीय कृमिघ्न गुण' आहे असा निष्कर्ष तिने काढला होता.

मी विचारले, "बाळ, गांडूळ कुणाच्या पोटात असते का?"

"नाही फादर. पण गांडुळाची शरीररचना माणसाच्या पोटातल्या जंतासारखी असते, असे दिले आहे."

"कुठे दिले आहे?"

"सगळ्यांच्याच प्रबंधांत."

मी हसलो; पण त्या रात्री ती वही मला झोप येऊ देईना. तिचे कारण जुने आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढचा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

गुरुदीक्षेनंतरची पहिली काही वर्षे मी डोंगराळ भागातील एका मिशन केंद्रात होतो. तरुण होतो, उत्साह दांडगा होता. लोकांच्या परंपरागत ज्ञानाचा आदर केला पाहिजे, ही शिकवण सेमिनरीतून ताजी ताजी घेऊन आलो होतो, आणि ती शिकवण चुकीची होती असे मी आजही म्हणत नाही. वाडीवरच्या वृद्ध बाया पोरांना जंत झाले की कडुनिंबाच्या कोवळ्या पाल्याचा रस तीन दिवस अनशापोटी देत. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला मीही तो द्यायला सांगितला. तिसऱ्या दिवशी त्याच्या शौचातून दोन लांब जंत पडले. मला केवढा आनंद झाला! रविवारच्या प्रवचनातही मी त्या पाल्याचा उल्लेख केला. चार महिन्यांनी तो मुलगा आईच्या खांद्यावर परत आला. पाय सुजलेले, धाप लागलेली. सिस्टरांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता. रुग्णालयात हिमोग्लोबिन चारवर आले असल्याचे कळले, आणि मळाच्या तपासणीत अंकुशकृमीची, म्हणजे हूकवर्मची अंडी सापडली. रक्त दिले, गोळी दिली, लोहाची औषधे दिली, मुलगा वाचला. त्याच्या आईने मला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही रस सांगितलात, म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो नाही."

जे दोन जंत मी पाहिले होते, ते वेगळ्याच जातीचे होते. खरा वैरी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट धरून रक्त पिणारा, आणि बाहेर पडला तरी साध्या डोळ्यांना सहसा न दिसणारा. जे दिसले त्यावर मी विश्वास ठेवला होता.

त्यानंतर या विषयावर हाती येईल ते मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता एका धर्मगुरूची गाठ पडली.

'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' या जाडजूड ग्रंथाचे नाव वैद्यकाशी संबंध असलेल्यांना परिचित आहे. त्याचे मूळ कर्ते दोन : मुंबईचे लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि अलाहाबादचे मेजर बामनदास बसू. कीर्तिकर (१८४९-१९१७) हे शल्यवैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि शिवाय मराठीत कविता लिहिणारे. एकाच माणसात इतक्या गोष्टी मावत असत, तो काळच तसा होता. ग्रंथ १९१८ साली निघाला तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. पुढे १९३० च्या दशकात त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ती पुष्कळशी नव्याने लिहून काढली तिघांनी : मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लाटर, दुसरे येशूसंघीय फादर जे. एफ. कायस, आणि डॉक्टर के. एस. म्हसकर. ब्लाटर यांचे नाव आजही झेवियर्सच्या वनस्पतिसंग्रहालयाला आहे. कायस यांचे नाव मात्र आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. ते रसायनशास्त्राचे जाणकार, पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतील औषधिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करणारे. एक येशूसंघीय धर्मगुरू आणि एक मराठी डॉक्टर, ही जोडी कित्येक वर्षे एकत्र काम करीत राहिली. त्यांच्या कामाचा आरंभ झाला तो हूकवर्मपासून.

हूकवर्मची हकिकत थोडी मागून सांगावी लागते. १८३८ साली मिलान येथे आंजेलो दुबिनी या डॉक्टराला एका शेतकरी स्त्रीच्या शवविच्छेदनात हा कृमी प्रथम आढळला. १८४३ मध्ये त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे आल्प्स पर्वताखालून सेंट गॉटहार्डचा बोगदा खणला जात असताना (१८७२ ते १८८२) हजारो मजूर पांढरेफटक पडू लागले, आणि १८८० मध्ये एदुआर्दो पेरोंचितो याने त्या पांडुरोगाचे मूळ या कृमीत असल्याचे दाखविले. हा कृमी शरीरात शिरतो कसा, याचा उलगडा झाला तो अपघाताने. कैरोत काम करणाऱ्या आर्थर लोस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्या असलेले पाणी सांडले, त्वचेला खाज सुटली, आणि काही काळाने त्याच्याच मळात अंडी दिसू लागली. अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते हे १८९८ पासून शास्त्राला कळू लागले. भाताच्या चिखलात, चहाच्या मळ्यात, आपल्या वाड्यांत जे पाय अनवाणी चालतात, त्यांना ते कळायला अजून कितीतरी वर्षे जायची होती.

यावर औषध कोणते? येथे आपल्या स्वयंपाकघरातला एक डबा इतिहासात येतो. इटालियन डॉक्टर कामिल्लो बोत्सोलो याने १८८० च्या सुमारास थायमॉल वापरून पाहिले. थायमॉल म्हणजे ओव्याचे सत्त्व, ज्याला बाजारात ओव्याचे फूलही म्हणतात. ते कृमींना आतड्याच्या अस्तरावरून सोडवीत असे. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीला जाई आणि तेथे त्याचे थायमॉल बनून जगभर विकले जाई. आपल्या आज्या पोटदुखीवर ओवा चावायला देत, ते वेगळे. आणि काही ग्रॅम शुद्ध सत्त्व देऊन त्यावर रेचक देणे, हे वेगळे. त्या मात्रेत थायमॉल विषारीच असे. रोग्याने त्या दिवशी तेल किंवा मद्य घेतले, तर ते रक्तात शोषले जाऊन प्राणावर बेते.

दुसरे औषध चेनोपोडियमचे तेल. मूळचे मध्य अमेरिकेतील हे उग्र वासाचे झुडूप. युरोपात त्याच्या पानांच्या काढ्याला 'येशूसंघीयांचा चहा' असेही नाव पडले होते. १९१३ साली सुमात्रा बेटावरील मळ्यांत काम करणाऱ्या शुफ्नर आणि फरफोर्ट या डॉक्टरांनी हे तेल हूकवर्मवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले, आणि काही वर्षांतच ते जगभर वापरले जाऊ लागले. त्याचेही माप जरा चुकले की मृत्यू, आणि मृत्यू विशेषतः मुलांचा.

अशा वेळी, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस, मद्रास इलाख्यात हूकवर्मची चौकशी चालू होती. म्हसकर आणि कायस यांनी तिच्या निमित्ताने कृमिघ्न औषधांची रासायनिक घडण आणि त्यांचा प्रत्यक्ष गुण यांचा मेळ घालणारी लेखमाला 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात १९१९ पासून लिहिली. प्रश्न साधा होता. आपल्या देशात कृमींवर शेकडो वनस्पती सांगितल्या आहेत : वावडिंग, पळसपापडी, कपिला, कडू जिरे, किरमाणी ओवा. त्यांतील खरोखर काय चालते?

'चालते' हे ठरवायचे कसे, ते वाचकांनी समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे, कारण सारा इतिहास तेथेच आहे. हूकवर्मच्या शोधकांनी त्या काळात जी रीत पक्की केली, ती ऐकायला किळसवाणी वाटेल. १९१५ ते १९१७ या काळात मलाया, जावा आणि फिजी येथे गेलेल्या डार्लिंग यांच्या आयोगाने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. रोग्याला औषध द्यायचे. त्यानंतरचे काही दिवस त्याचा सगळा मळ गोळा करायचा, पाण्याने धुऊन बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायचा, आणि चाळणीवर राहिलेला प्रत्येक कृमी वेचून मोजायचा. मग त्याच रोग्याला खात्रीचे औषध देऊन उरलेले कृमी पाडायचे आणि तेही मोजायचे. पहिल्या औषधाने साठ पडले आणि नंतर चाळीस पडले, तर पहिल्या औषधाचा गुण शंभरात साठ. त्यात वैद्याची कीर्ती, ग्रंथाची प्राचीनता, रोग्याचे समाधान यांपैकी कशालाच जागा नाही. चाळणी कुणाची भीड धरीत नाही.

जनावरांच्या बाबतीत अमेरिकेतील मॉरिस हॉल याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. औषध दिलेल्या कुत्र्याच्या मळातील कृमी मोजायचे, मग त्या कुत्र्याला मारून आतड्यात किती उरले तेही मोजायचे. माणसाच्या बाबतीत हे शक्य नाही, म्हणून चाळणीचे महत्त्व.

या कसोटीला आपल्या नावाजलेल्या देशी औषधांपैकी पुष्कळशी हूकवर्मपुढे उतरली नाहीत, आणि म्हसकर-कायस यांनी ते स्पष्ट लिहिले. पुढे दोघांनी हीच रीत सर्पदंशावरील वनस्पतींना लावली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तीनशेहून अधिक वनस्पतींची परीक्षा आहे आणि विषावर उतारा म्हणून त्यांतली एकही उपयोगी नाही. विंचूदंशावरील वनस्पतींचीही तीच गत. त्यामुळे कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती चाळताना एक चमत्कारिक अनुभव येतो. एखाद्या झाडाचे सुंदर वर्णन, त्याची संस्कृत, मराठी, तमिळ नावे, वैद्य त्याला कशाकशावर देतात याची यादी, आणि शेवटी कोरडे वाक्य, की सर्पदंशावर किंवा विंचूदंशावर ते निरुपयोगी आहे. आणि कंसात त्या दोघांची नावे. शेकडो पानांवर तीच दोन नावे आणि तोच 'नाही'.

मला या दोघांचे नवल वाटते ते येथे. परदेशी विद्येच्या घमेंडीत त्यांनी हे केले असते तर ती साधी गोष्ट होती. पण ज्याने आयुष्य या देशातील झाडपाल्याच्या अभ्यासात घातले, त्या कायस यांना तो पाला प्रिय होता. 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात भारतातील औषधी आणि विषारी वनस्पतींवर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले. म्हसकर तर याच मातीतले. आवडत्या माणसाच्या विरुद्ध साक्ष देणे जितके जड, तितकेच आवडत्या झाडाच्या विरुद्ध देणेही जड असणार. बेनसिराच्या ग्रंथात अडतिसाव्या अध्यायात प्रभूने जमिनीतून औषधे निर्माण केल्याचे सांगितले आहे. कोणते औषध कोणत्या रोगाचे, हे शोधायचे काम मात्र माणसावर सोडले आहे.

म्हणून वनस्पतींचा खटला तेथे संपला असेही नाही. एका कृमीवर न चालणारे औषध दुसऱ्या कृमीवर चालू शकते. पळसाच्या बियांतून १९६० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी पलासोनिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. ते जंतांवर परिणाम करते. मौज अशी, की त्याची रासायनिक घडण त्वचेवर फोड आणणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या विषाची सख्खी बहीण आहे. किरमाणी ओव्याच्या वर्गातील झाडाच्या कळ्यांतून मिळणारे सँटोनिन १८३० पासून शुद्ध रूपात माहीत आहे आणि शंभरहून अधिक वर्षे ते लहान मुलांच्या जंतांवर दिले गेले. पपईच्या चिकाची परीक्षा १९९४ साली जंत झालेल्या डुकरांवर झाली : वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम चीक दिला तेव्हा सुमारे ४० टक्के जंत कमी झाले, चार ग्रॅमला ८० टक्के, आठ ग्रॅमला सगळे, आणि आठ ग्रॅमला डुकरांना जुलाबही झाले. असा आकडा हाती आला म्हणजे बोलायला जागा मिळते.

आता पुन्हा गांडुळाकडे. औषध तपासायला दर वेळी जंत झालेला माणूस किंवा डुक्कर कुठून आणायचे? म्हणून स्वस्त आणि निरुपद्रवी असा प्राणी शास्त्रज्ञ शोधत होते. अमेरिकेतील टोराल्ड सोलमन या औषधिशास्त्रज्ञाने १९१८ साली कृमिघ्नांची गांडुळांवर परीक्षा करून मोठा लेख लिहिला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९२६ मध्ये, लखनौचे प्राध्यापक करम नारायण बाहल यांनी भारतीय गांडुळावर, फेरेटिमावर, एक नमुनेदार पुस्तक लिहिले. त्यामुळे प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आपल्याकडील प्रत्येक विद्यार्थ्याच्या विच्छेदनाच्या तबकात फेरेटिमा आले. हाताशी असलेले, पावसात वाटेल तेवढे सापडणारे, आतून-बाहेरून माहीत असलेले हे जनावर औषधनिर्माण महाविद्यालयांत जंताच्या जागी उभे राहिले, यात आश्चर्य नाही. आणि मग गांडूळ जंतासारखे असते हे वाक्य एका प्रबंधातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत गेले. आमच्या मुलीने ते जेथून घेतले, त्याने ते आणखी कुठून तरी घेतले होते.

वाक्य खरे म्हणावे तर दोघे लांबट आहेत आणि दोघांनाही पाय नाहीत, एवढ्यापुरतेच. गांडुळाचे शरीर वलयावलयांचे, त्याची कातडी ओली आणि तिच्यातूनच ते श्वास घेते. जंताला वलये नाहीत, अंगावर जाड चिवट आवरण आहे, आणि जेथे प्राणवायू फार थोडा अशा आतड्यात, आपल्या पाचकरसांच्या माऱ्यात तो सुखाने नांदतो. ओल्या कातडीच्या प्राण्याला तुरट पानांच्या दाट अर्कात बुडविले तर तो मरणारच. मिठाच्या दाट पाण्यातही मरेल. शिवाय दर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम ही तीव्रता आतड्यात आणायची, तर एका लिटरमागे पन्नास ग्रॅम आटविलेला अर्क लागेल. एवढा सीताफळाच्या पानांचा अर्क मुलाला पाजला तर जंताआधी मुलाचे काय होईल?

घड्याळाची गोष्ट तर आणखी फसवी आहे. अल्बेंडाझोल हे मुळातच संथ औषध. ते कृमीच्या पेशींतील सूक्ष्म नलिका बनू देत नाही, कृमीला साखर शोषता येत नाही, आणि तो दिवसांच्या हिशेबाने उपासमारीने मरतो. ते पाण्यात धड विरघळतही नाही. पूर्वीचे पायपेराझिन तर जंताला मारीतही नसे. त्याचे स्नायू लुळे पाडी, आणि आतड्याच्या हालचालीने जिवंत जंत बाहेर ढकलला जाई. अशा औषधांशी बशीतल्या मिनिटांची शर्यत लावून अर्क जिंकला असे म्हणणे, म्हणजे बैलगाडी आणि होडी यांची रस्त्यावर शर्यत लावण्यासारखे आहे.

बशी आणि पोट यांत किती अंतर असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला त्या 'येशूसंघीयांच्या चहा'तच सापडले. चेनोपोडियमचे तेल कृमी पाडते, याबद्दल शंका नव्हती. मेक्सिकोच्या चियापास भागातील माया लोक पिढ्यानपिढ्या त्याच झुडपाच्या पानांचा काढा जंतांवर देत आले. मायकेल क्लिक्स या संशोधकाने त्या गावांतच जाऊन काढ्याची आणि वाळल्या पाल्याची परीक्षा केली, अंडी मोजली, आणि १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : दर किलो वजनाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत पाला देऊनही कृमींवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. मग लोकांचा विश्वास बसला कसा? जंताचे आयुष्य मर्यादित असते. म्हातारे झालेले जंत आपणहून पडत राहतात. मूल अस्वस्थ होते, आई काढा देते, दुसऱ्या दिवशी जंत पडतो. तो काढ्याशिवायही पडला असता. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. माझ्या प्रवचनातले ते दोन जंत मला आठवत होते.

केनियातही मेंढपाळ ज्या झाडांवर भिस्त ठेवत, त्यांतील आपल्या वावडिंगाच्या कुळातील दोन झाडांची परीक्षा मेंढ्यांवर झाली आणि २००२ साली तिचा निष्कर्ष आला. मेंढ्यांतील कृमी जसेच्या तसे राहिले होते.

पाल्यातून काही निघतच नाही, असे मात्र कुणी समजू नये. चीनच्या तू यूयू यांनी मलेरियावर एका जुन्या ग्रंथातील वनस्पती घेतली. काढा उकळल्याने गुण नाहीसा होतो, असा तर्क करून त्यांनी तो कमी तपमानावर इथरमध्ये काढला, आणि गुण काड्यांत नसून पानांत आहे हेही हेरले. १९७१ मध्ये त्यांचा १९१ क्रमांकाचा अर्क प्राण्यांवर पूर्ण यशस्वी झाला. क्रमांकावरून आधीच्या अपयशांची कल्पना यावी. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांच्याबरोबर विभागून मिळाले ते कृमींवरील आयव्हरमेक्टिन शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना, आणि ते औषध मिळाले होते मातीतल्या जंतूंपासून. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आपल्या सरकारनेही शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक दिवस सुरू केला. अल्बेंडाझोलची चारशे मिलिग्रॅमची ती चघळायची गोळी आपल्या मुलांनी खाल्ली असेल. धर्मग्रामातील काही पालक अजून मला विचारतात, "फादर, गोळीपेक्षा पाल्याचा रस बरा नाही का?" मी त्यांना त्या मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही.

आमच्या मुलीलाही ती सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण फादर, आता प्रकल्प बदलायला वेळ नाही. आणि चाळणी घेऊन मी कुठे बसू?" तिचे खरे होते. पदवीच्या विद्यार्थिनीला मेंढ्यांचा कळप कोण देणार? मी तिला एवढेच सुचविले, की निष्कर्षात 'कृमिघ्न' या शब्दाच्या जागी जे दिसले तेवढेच लिहावे. तिने लिहिले : सीताफळाच्या पानांच्या अर्काने या तीव्रतेला गांडुळे इतक्या मिनिटांत मेली, जंतांवरील परिणाम तपासलेला नाही. परीक्षकांनी त्या वाक्याबद्दल तिला दोन गुण कमी दिले की जास्त, हे तिने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

नुसत्या मिठाच्या पाण्यातली सहा गांडुळे जिवंत होती. ती तिने परत आणून केळीच्या बुडाशी ओल्या मातीत सोडली.